साबणदाणीएवढा कॅमेरा

४ नोव्हेंबर

चि. छबीस,

आशीर्वाद आहेतच, पण आज जरा रागावून देतोय.

परवा फोनवर मी कॅमेऱ्याचा विषय काढला आणि तू "बाबा, नंतर बोलू" म्हणून फोन ठेवून दिलास. नंतर म्हणजे कधी? तुझ्या त्या बेटावर फोन लागला तर आवाज तुटतो, आणि आवाज नीट आला तर तू तोडतेस. म्हणून सरळ कागद घेतला. कागदावर मला मध्येच कोणी थांबवू शकत नाही.

तर ऐक. स्टुडिओ आता पूर्णपणे असिस्टंटच्या ताब्यात दिला. मी दुपारी तिथे जाऊन बसलो की तो उगाच उठून उभा राहतो, म्हणून जाणंही कमी केलंय. आयुष्यभर लग्नाच्या गर्दीत लोकांना "हनुवटी जरा वर, अजून थोडी, आता हसा" असं सांगत आलो. आता माझं अजिबात ऐकणार नाही असं काहीतरी टिपायचंय. मासे ऐकत नाहीत असं तूच सांगतेस.

तलावावरचा डायव्हिंगचा कोर्स संपत आलाय. टाकी पाठीला बांधून पाण्याखाली बसता येतं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकाने फुंकून बाहेर काढता येतं. डॉक्टरांनी मला पट्ट्यावर पळवून, छातीला तारा लावून बघितलं आणि सही दिली. समुद्रातला भाग तू गाइड आहेस त्याच सेंटरवर पुरा करायला मी जानेवारीच्या शेवटी तुझ्याकडे येतोय.

आता मुद्दा. मी माझा मोठा कॅमेराच पाण्यात नेणार आहे. त्याच्यासाठी अॅल्युमिनियमची पेटी मिळते, तिला हाउसिंग म्हणतात हे तुला मी सांगायला नको. पुढे काचेचा घुमट, दोन्ही बाजूंना खेकड्यासारखे हात आणि हातांच्या टोकाला फ्लॅश. आमच्या कोचकडे तसली एक जुनी पेटी आहे, ती मी हाताळून बघितली. वस्तू झकास आहे.

तुझं मत हवंय. म्हणजे ठरलेलं आहे, पण मत हवंय.

तुझा,
बाबा

१५ नोव्हेंबर

बाबा,

ठरलेलं असेल तर मत कशाला मागता? आईला साडीचा रंग विचारता तसं विचारताय. आधी विकत घ्यायची आणि मग "कशी आहे?"

नाही. मोठा कॅमेरा नाही. खरं तर पहिल्या काही डाइव्हना कुठलाच कॅमेरा नाही, आणि याच्यावर मला वाद नकोय.

लग्नात तुम्ही जमिनीवर उभे असता. पाण्याखाली माणूस कुठेच उभा नसतो. श्वास घेतला की वर जातो, सोडला की खाली. डाव्या हाताने जॅकेटमधली हवा कमीजास्त करायची असते. उजव्या हाताने काटा उचलून टाकीत किती हवा उरली ते बघायचं असतं. कान दुखले तर नाक दाबून मोकळे करायचे असतात. जोडीदाराला खुणा करायच्या असतात आणि त्याच्या खुणा बघायच्या असतात. दोन्ही हातांत तुमची खेकड्याची पेटी असली तर हे सगळं कशाने करणार? पायाने?

आणि डोळ्याचं काय? डोळा त्या चौकटीत गेला की तुमचं बाकीचं जग संपतं. मागे खुर्च्यांचा ढीग कोसळला तरी मला कळत नाही, हे तुम्ही चारचौघांत कौतुकाने सांगता. पाण्याखाली ते कौतुक नसतं.

फोटोचंच म्हणाल, तर लाल रंग थोडं खाली गेल्यावर पाणी गिळून टाकतं. मग सगळे मासे निळेहिरवे, आजारी असल्यासारखे दिसतात. लांबून फ्लॅश मारलात तर मधला सगळा गाळ उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात. कितीही भारी लेन्स लावा, मध्ये पाणी आहेच. उपाय एकच, हळूच हातभर अंतरावर जायचं. त्याला खिशात मावेल असा छोटा कॅमेरा पुरतो. न्यायचाच हट्ट असेल तर तसला न्या, आणि तोही मी सांगेन तेव्हाच पाण्यात.

आमच्याकडे सध्या कॅमेऱ्याचा नियम फार कडक केलाय. मालकांपासून सगळे सारखं तेच बोलतात. तुम्ही त्यात भर घालू नका.

छबी

२७ नोव्हेंबर

चि. छबीस,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं की तू दुसऱ्या कोणासाठी लिहिलेलं चुकून मला पाठवलंस. तीस-पस्तीस वर्षं कॅमेरा हातात असलेल्या माणसाला "मी सांगेन तेव्हाच" असं लिहितात का गं?

तरी म्हटलं, पोरगी म्हणतेय तर बघू तिची साबणदाणी. गेलो मोठ्या दुकानात. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर आधीच कंटाळा. मी म्हटलं, "पाण्याखाली न्यायचा छोटा कॅमेरा दाखवा."

"नातवंडांसाठी का, काका? स्विमिंग पूलला?"

"माझ्यासाठी. समुद्रात. टाकी लावून."

तिने मला चपलांपासून टकलापर्यंत बघितलं आणि आत जाऊन तीन डबे आणले. पहिला रबरी कडांचा, हातातून पडला तरी चालतो म्हणे. "याला पेटीच लागत नाही, काका. असाच पंधरा मीटर खाली जातो." मी विचारलं, सोळाव्या मीटरला काय होतं? ती म्हणाली, "एवढ्या खाली कोण जातं?" दुसऱ्यातला सेन्सर मोठा, चित्र सुरेख, पण पेटी घालायची तर ती महिनाभराने येणार. त्यात लेन्स चालू करताना सोंडेसारखी बाहेर येते. तिसरा म्हणजे फोनला घालायची पारदर्शक पिशवी. पिशवी! मी काय समुद्रात भाजी आणायला चाललोय?

एकालाही डोळा लावायची खिडकी नाही. सगळे हात लांब करून, चष्म्यावरून बघत काढायचे. बटण दाबल्यावर क्षणभर विचार करतो आणि मग फोटो काढतो. त्या क्षणभरात मासा घरी जाऊन जेवून येईल. आणि बटणं एवढी बारीक की नखाने दाबावी लागतात. मी काही न घेता बाहेर आलो. पार्किंगमध्ये शेजारच्याच गाडीला किल्ली लावत बसलो, एवढा संताप आला होता. कोणाचा ते मला अजून नीट कळलेलं नाही.

एक स्पष्ट विचारतो. तुझ्या त्या सेंटरवर जगभरचे उत्तम फोटोग्राफर येतात, तूच सांगितलं होतंस. म्हातारा बाप जुना कॅमेरा घेऊन धडपडत पाण्यात उतरला तर तुला लाज वाटेल, असं आहे का? असेल तर तसं लिही. नियमांच्या मागे लपू नको.

बाबा

(पाठीमागे, निळ्या पेनने)

छबे, हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहितेय. त्यांनी तुला तलावातलं सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात कोचची ती मोठी पेटी घेऊन खाली बसले होते. काय झालं कोण जाणे, एकदम फटकन वर आले. खोकून खोकून डोळे लाल. कोचने सगळ्यांसमोर झापलं. घरी येऊन म्हणाले, "काही नाही, थोडं पाणी गेलं नाकात." मला यातलं काही कळत नाही, पण त्या दिवसापासून ते आंघोळीला बादलीसमोर बसून मोठमोठ्याने श्वास सोडतात. तू रागावू नकोस त्यांच्यावर. म्हणजे रागाव, पण हळू. आई

९ डिसेंबर

बाबा,

आईने मला तलावातलं कळवलंय. तिच्यावर चिडू नका.

श्वास धरून वर आलात का? एवढंच सांगा. हो की नाही?

आणि तिकीट रद्द करा. जानेवारीत येऊ नका. मी या हंगामात तुम्हाला पाण्यात नेणार नाही, आणि दुसऱ्या कोणाबरोबर जाऊही देणार नाही. मोठा कॅमेरा नाही, छोटा नाही, पिशवी नाही. विषय संपला.

छबी

२० डिसेंबर

चि. छबीस,

विषय तू संपवलास. माझा संपलेला नाही.

विचारलंस म्हणून सांगतो. कोचची पेटी घेऊन तलावाच्या तळाशी होतो. समोर एक पोरगा पालथा तरंगत होता, वरून ऊन त्याच्या पाठीवर पडलं होतं, चौकट फार सुंदर जमली होती. तेवढ्यात मास्क सैल झाला आणि पाणी आत आलं. फुंकायला मास्क वरून दाबावा लागतो, म्हणजे एक हात सोडायला हवा. माझे दोन्ही हात पेटीवर. सोड म्हटलं तरी सुटेनात. लग्नात कॅमेरा हातातून सुटला तर पुन्हा ते लग्न होत नाही, ही सवय बोटांत बसलीय. नाकात पाणी गेलं, डोकं फिरलं आणि मी तळाला लाथ मारून वर आलो. श्वास धरून. हो. उत्तर हो आहे. तलाव जेमतेम तीन पुरुष खोल, पण श्वास धरून वर आलं तर तेवढ्यातही फुप्फुसं फाटू शकतात, नशिबाने वाचलात, असं कोच म्हणाले. ते ज्या आवाजात म्हणाले ते मला विसरता येत नाही.

हे तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू नेमकं हेच पत्र लिहिलं असतंस.

आता माझा प्रश्न. कोर्सची तारीख बदलता येते का ते विचारायला काल तुमच्या सेंटरवर फोन केला. तू नव्हतीस. फोन घेणाऱ्याला म्हटलं, छबीला द्या, ती बोटीवर असेल तर निरोप ठेवा. तो म्हणाला, "ती हल्ली बोटीवर जात नाही. मागच्या खोलीत हवेच्या टाक्या भरते." मी विचारलं, बरं नाही का तिला? तर तो गडबडला आणि म्हणाला मालकांशी बोला.

तू दर पत्रात असं लिहितेस जणू काल समुद्रातून वर आलीस. टाक्या का भरतेस? काय झालंय?

तुझ्या आईला हे सांगितलेलं नाही. हे पाकीट मी स्वतः चिकटवतोय.

बाबा

२ जानेवारी

बाबा,

हे पत्र चार वेळा सुरू केलं. टाक्या भरायच्या खोलीत कंप्रेसरचा एवढा आवाज असतो की डोक्यात काही शिरत नाही. एका दृष्टीने ते बरंच आहे.

ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे एक दंतवैद्य पाहुणे आले होते. तुमच्यापेक्षा थोडे लहान. गोड माणूस, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना हसवायचे. त्यांच्याकडे तुम्हाला हवी तशीच पेटी होती, दोन हातांची. आम्ही एका उभ्या कड्याच्या बाजूने चाललो होतो. कड्यापलीकडे तळ दिसत नाही, नुसती निळाई. तिथून एक कासव खाली निघालं आणि ते त्याच्या मागे गेले.

मी त्यांना वर यायची खूण केली. त्यांनी चौकटीतून डोळा न काढता अंगठा-बोट जुळवून "ठीक" दाखवलं. मी टाकीवर धातूचा तुकडा आपटला, पुन्हा खूण केली. पुन्हा "ठीक". बाबा, ते माझ्याकडे बघतच नव्हते. आवाज आला की हाताने खूण करायची, एवढंच त्यांना उरलं होतं. माझ्या बाकीच्या पाहुण्यांना सहकाऱ्याकडे सोपवून मी खाली गेले. त्यांच्यापाशी पोचले तेव्हा त्यांचा काटा तांबड्यात होता. मी तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. तेव्हा कळलं त्यांना. मी माझ्या टाकीची श्वास घ्यायची जादा नळी पुढे केली, पण ती घ्यायला त्यांचा हात मोकळा नव्हता. पेटी सोडेनात. घाबरून त्यांनी जॅकेटमध्ये हवा भरली आणि दगड उलटा पडावा तसे वर गेले. मी त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरून त्यांच्याबरोबर वर जात होते आणि वेग कमी करू शकत नव्हते.

बोटीवर ते हसले. "कासव मिळालं," म्हणाले. मग म्हणाले, "पायाला मुंग्या येतायत." आम्ही ऑक्सिजन लावला, किनाऱ्यावर आणलं, तिथून शहरातल्या दवाखान्यात, दाबाच्या खोलीत नेलं. रक्तात अडकलेला वायू तिथे हळूहळू काढतात. ते वाचले. पण डावा पाय अजून बधिर आहे, काठी घेऊन चालतात. त्यांनी तक्रार केलीय की गाइडने वेळेवर सांगितलं नाही. चौकशी होईपर्यंत मला पाहुण्यांना नेता येत नाही. म्हणून टाक्या.

तुमचा पहिला फोन आला तेव्हा मी त्या दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. तुम्ही एकदम खुशीत म्हणालात, "छबे, दोन हातांचा कॅमेरा घ्यायचं ठरवलंय!" मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला.

लाज नाही वाटत, बाबा. भीती वाटते. तुमचे हात मला माहीत आहेत. लहानपणी गर्दीत माझं बोट सोडायचात, कॅमेरा नाही.

आता, तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे. माझ्या पाठीमागे दुसऱ्या कुठल्या समुद्रात जाल, त्यापेक्षा इथे या. मालकांशी बोलले. शिकवेल माझी सहकारी, मी फक्त जोडीदार म्हणून बरोबर. कॅमेरा मी सांगते तोच. दुकानातला पहिला, रबरी कडांचा. तो आपणहून पंधरा मीटर जातो, पण तुम्हाला अठरापर्यंत जायची परवानगी मिळेल, म्हणून त्याच्यावर त्याचीच प्लास्टिकची पेटी घाला. पेटी गळली तरी आतला कॅमेरा जगतो. मोठ्या सेन्सरवाल्याचं चित्र जास्त चांगलं, कबूल, पण तो गळला की गेला, आणि तुम्ही त्याला वाचवायला जाल. पेटीची बटणं ढोबळ असतात, नखं लागणार नाहीत. रंग नंतर घरी बसून परत आणता येतात, तशी कच्ची फाइल तो ठेवतो. फ्लॅशचे हात नाहीत. एका हातात मावतो, आणि दोरीने जॅकेटला अडकवता येतो.

पहिले दिवस तो खोलीत राहील. आणि येण्याआधी एक गोष्ट शिकून या. सोडायला.

छबी

१४ जानेवारी

चि. छबीस,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. ती उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ आत आली नाही.

त्या दंतवैद्यांबद्दल मी काय लिहू? त्यांनी "ठीक" कसं दाखवलं असेल ते मला इथे बसून दिसतंय. मीही तसंच करतो. कोणी "सर, जेवायला चला" म्हणालं की हात वर करतो आणि काय म्हणाला ते मला ठाऊक नसतं. तू दोनदा खूण केलीस. चौकशीत हे कोणी फोटोग्राफरने जाऊन सांगायला हवं असेल तर मी येतो.

कॅमेरा घेतला. साबणदाणीच आहे. पेटी आधी रिकामी तपासावी असं पुस्तिकेत लिहिलंय, म्हणून आत कोरडा टिशू ठेवून बादलीत बुडवली. टिशू ओला. पुन्हा पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा ओला. सकाळ गेली. शेवटी भिंगाने बघितलं तर झाकणाच्या रबरी रिंगवर एक केस. तुझी आई म्हणाली तुमचा असेल. लांबीवरून तिचा ठरला. तेव्हापासून ती स्वयंपाकघरातून माझ्याशी बोलते.

आता सोडण्याबद्दल. कोचना सगळं सांगितलं. ते रोज माझ्या मागून येऊन टाकीवर टकटक करतात, आणि टकटक झाली की मी कॅमेरा सोडायचा, त्यांच्याकडे बघायचं आणि काटा दाखवायचा. सोपं वाटतं ना? पहिल्या दिवशी मी एकदाही सोडला नाही. टकटक ऐकू येते, डोक्याला कळतं, बोटं ऐकत नाहीत. चौथ्या दिवशी कोच वर येऊन ओरडले, "काका, तो कॅमेरा आहे, मूल नाही!" मला एवढा राग आला की मी कपडे बदलून घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

अजून दहातून तीनदा उशीर होतो. खरं तेच सांगतो.

बाबा

१८ फेब्रुवारी

प्रिय आई,

बाबा आज सकाळच्या बोटीने निघाले. तुला काय सांगायचं ते सांगतीलच, पण त्यांच्या सांगण्यात मी खलनायक असेन, म्हणून माझंही वाच.

पहिले दोन दिवस कॅमेरा खोलीत, यावरून त्यांनी तोंड फुगवलं. पाण्यात मात्र चांगले आहेत गं. मला अपेक्षा नव्हती. मोठं शरीर, पण एकदा श्वास लागला की लाकडासारखे निवांत तरंगतात. माझी सहकारी म्हणाली, "तुझ्या बाबांना घाई नाही." मी म्हटलं, कॅमेरा दे, मग बघ.

तिसऱ्या दिवशी दिला. खाली गेल्या गेल्या सुरू. पोवळ्याच्या भेगेत एक ऑक्टोपस बसला होता, अगदी दगडाच्या रंगाचा, फक्त डोळा हलत होता. बाबा सरकले त्याच्याकडे. हळूहळू, जवळ, मी लिहिलं होतं तसंच. आणि ते हळूहळू खालीही जात होते, ते त्यांना कळत नव्हतं. मी खूण केली. नाही बघितलं. आई, मला ऑक्टोबर दिसायला लागला. माझाच श्वास जोरात सुटला. मी धातूचा तुकडा काढून टाकीवर आपटला.

त्यांनी हात सोडला.

ताबडतोब. मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि काटा उचलून माझ्यासमोर धरला. निम्मी टाकी शिल्लक. सगळं ठीक. आणि कॅमेरा त्यांच्या डोक्यावरून वर निघाला. पेटीत हवा असते ना, म्हणून सुटला की तो वर जातो. दोरी अडकवली होती की नव्हती यावर आमचा वाद अजून चालू आहे. ते म्हणतात अडकवली होती, मी म्हणते मग ती सुटली कशी? तर तो चालला वर, फिरत, चकाकत. बाबांनी मान वर करून बघितलं. मला वाटलं, आता लाथ मारणार आणि त्याच्या मागे जाणार. मी त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरायला हात पुढे केला.

ते गेले नाहीत. बघत राहिले. तो ठिपका झाला, मग दिसेनासा झाला. मग त्यांनी माझ्याकडे वळून, माझ्या डोळ्यांत बघून "ठीक" दाखवलं.

माझ्या मास्कमध्ये पाणी आलं. फुंकून काढलं.

वर आल्यावर बोटवाल्याने बरीच फेरी मारली, पण प्रवाह जोरात होता, लाटा चमकत होत्या. सापडला नाही. बाबांनी बोटीवर बसल्या बसल्या अर्धा तास त्या कॅमेऱ्याला, पेटीला, दोरीला, ती बनवणाऱ्यांना आणि मला शिव्या दिल्या. ऑक्टोपसचा एक तरी फोटो नीट आला होता, हे त्यांना खात्रीने माहीत आहे म्हणे. संध्याकाळभर तोच विषय. मी वैतागून झोपायला निघून गेले.

त्यांना गाडीत खायला पोळीभाजी बांधून दिलीय, खाल्ली का विचार. काल रात्री नीट जेवले नाहीत.

छबी

६ मार्च

चि. छबीस,

दोरी अडकवलेली होती. हे आधी लिहून ठेवतो.

घरी आलो तर तुझ्या आईने सगळ्यांना बोलावून ठेवलेलं. तुझी आत्या, शेजारचे, स्टुडिओतला असिस्टंट. बैठकीत पडदा लावलेला, खुर्च्या ओळीने मांडलेल्या. फोटो बघायला! मी बॅगेतून ओला टॉवेल काढला आणि म्हटलं, एवढंच आणलंय.

असिस्टंट बिचारा माझी नजर चुकवून पडद्याकडेच बघत बसला. आत्या मात्र गप्प बसणारी नाही. "म्हणजे हरवलास? तू? कॅमेरा? नवाकोरा?"

मी म्हटलं, "हरवला नाही. सोडला."

"सोडलास म्हणजे?"

मग सांगावं लागलं. तुझ्या दंतवैद्यांचं नाही सांगितलं, ते तुझं आहे. बाकी सगळं सांगितलं. असिस्टंटचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याने माझ्या हाताखाली वीस वर्षं काढलीत.

राग गेलेला नाही. त्या ऑक्टोपसचा डोळा तीक्ष्ण आला होता, शंभर टक्के. रोज सकाळी दात घासताना तोच आठवतो आणि चडफडतो. तुझी आई म्हणते, दुसरा घ्या. घेईन. तोच घेईन, साबणदाणी. पण या वेळी दोरी तू अडकवायचीस, म्हणजे सुटली तर तुझ्या नावावर.

चौकशीचं काय झालं? नको तेव्हा पानंच्या पानं लिहितेस, आणि हे लिहीत नाहीस.

बाबा

२ एप्रिल

बाबा,

चौकशी संपली. माझी चूक नाही असं लिहिलंय. त्या दंतवैद्यांचीही नाही असंही लिहिलंय. म्हणजे कोणाचीच नाही, आणि तो माणूस काठी घेऊन चालतोय. मी त्यांना त्यांच्या दातांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर एक चिठ्ठी पाठवली होती, तब्येत विचारायला. उत्तर आलं नाही. येणारही नाही बहुतेक. मालक म्हणाले, विसर आता. कसं विसरायचं ते नाही सांगितलं.

सोमवारपासून बोटीवर परत आले. तुमच्या कोचची टकटक मी इथे सुरू केलीय. कॅमेरा नेणाऱ्या प्रत्येकाला आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं करते, मागून टाकीवर वाजवते आणि हात सोडायला लावते. जो सोडत नाही त्याचा कॅमेरा बोटीवर राहतो. मालकांना आवडलेलं नाही. पाहुणे कुरकुर करतात म्हणाले.

करतातच. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ आले, सुंदर पेटी, दोन हातांची. त्यांना मी पाण्यात इतक्या वेळा सोडायला लावलं की शेवटी ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमच्या जन्माआधीपासून मी फोटो काढतोय." मी म्हटलं, "हो सर. आता पुन्हा एकदा." त्यानंतर दिवसभर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुपारच्या जेवणाला पाठ करून बसले.

पण डाइव्ह संपवून वर आलो, बोटीला शिडी लावली, लाटा चांगल्याच उसळत होत्या, तेव्हा त्यांनी कोणी न सांगता पेटी आधी माझ्या हातात दिली, आणि मग दोन्ही हातांनी शिडी धरली.

बोलले मात्र नाहीतच.

छबी